एच.पी.च्या पलीकडे : पंपाच्या इम्पेलरविषयी
प्रस्तावना

खुलताबाद तालुक्यातला शेतकरी पंप घ्यायला दुकानात जातो तेव्हा 'किती एच.पी.चा देऊ?' इथून व्यवहार सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. तीन, पाच, साडेसात. शेजाऱ्याने पाचचा बसवला असेल तर आपण साडेसातचा बसवला की पाणी जास्त येणार, ही समजूत इतकी पक्की झाली आहे की तिला कोणी हात लावत नाही. पण एच.पी. हा मोटारीचा आकडा आहे. मोटार दांडा फिरवते, एवढेच तिचे काम. त्या फिरण्यातून किती पाणी, किती उंच आणि किती विजेत चढेल हे ठरवते पंपाच्या पोटात बंद असलेली वीतभर चकती. कारखान्यात तिला इम्पेलर म्हणतात, गावात पंखा. शेतकरी पैसे मोजतो ते खरे तर तिच्यासाठी, आणि विकत घेताना तीच त्याला कोणी दाखवत नाही. हे पुस्तक तिच्याविषयी आहे.

या भागात पाण्याचा विचार पूर्वी उताराच्या अंगाने झाला. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर खेळवली ती डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांतून केवळ उताराच्या बळावर आणून. १६२६ साली तो वारला. त्याची कबर खुलताबादेतच आहे. शहरातल्या बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्कीही त्याच विचारातली : डोंगरातून आणलेले पाणी उंचावरून पात्यांच्या चाकावर सोडायचे, चाक फिरले की त्याच्या दांड्यावरचे जाते फिरते. सेंट्रिफ्युगल पंप म्हणजे हेच यंत्र उलट्या दिशेने. तिथे पाणी पात्यांना फिरवते, इथे पाती पाण्याला फिरवतात, आणि दोन्हींचे गणित एकाच समीकरणात बसते. स्वित्झर्लंडचा गणिती लिओनार्ड ऑयलर याने ते अठराव्या शतकाच्या मध्यावर मांडले. पाणचक्की पाहायला येणाऱ्या शाळेच्या मुलांना ही एक गोष्ट सांगितली तरी त्यांना घरच्या विहिरीवरचा पंप वेगळ्या डोळ्यांनी दिसू लागेल असे मला मनापासून वाटते.

खुलताबादचे पठार मात्र उतारावर भागण्यासारखे नाही. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेआठशे मीटर उंच, जवळचे म्हैसमाळ हजारापेक्षाही वर. खाली काळा पाषाण. पाणी मुरते ते खडकाच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात, आणि तिथून विहिरीत पाझरते तेही संथपणे. दिवाळीच्या आसपास काठोकाठ दिसणारी विहीर मे महिन्यात तळ दाखवते. १९७२च्या दुष्काळानंतर बोअरची यंत्रे गावोगाव फिरू लागली आणि पाणी आणखी खाली गेले. मोटेचे दिवस संपले. आज अद्रकाच्या वाफ्याला ठिबकने मिळणारा प्रत्येक थेंब कुठल्या ना कुठल्या इम्पेलरमधून गेलेला असतो.

महाराष्ट्राला हे यंत्र काही परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आधी लोखंडी नांगर निघाले आणि १९२६च्या सुमारास सेंट्रिफ्युगल पंपही तिथे बनू लागले. देशात पंप बनवण्याची परंपरा मराठी माणसाने घातली, पण पंप कसा चालतो हे सांगणारे मराठी लेखन त्या मानाने फारच थोडे झाले. मेकॅनिकांच्या हातात ज्ञान आहे, ते कागदावर आलेले नाही. म्हणून हा खटाटोप.

आता मूळ मुद्द्याकडे. इम्पेलर म्हणजे मधोमध भोक असलेली चकती आणि त्या भोकापासून कडेपर्यंत गेलेली पाच-सहा-सात वाकडी पाती. या भोकाला डोळा म्हणतात. पाणी डोळ्यातून आत शिरते, पात्यांमध्ये सापडते, त्यांच्याबरोबर फिरते आणि कडेवरून बाहेर फेकले जाते. ज्वारीची राखण करताना गोफण फिरवून दगड सोडतात तसे. पाणी बाहेर फेकले गेले की डोळ्यापाशी दाब कमी होतो आणि मागचे पाणी आपोआप पुढे येते. फेकलेल्या पाण्याचा वेग भोवतालच्या गोगलगायीच्या आकाराच्या कवचात, म्हणजे केसिंगमध्ये, हळूहळू कमी होत जातो आणि त्या वेगाचे दाबात रूपांतर होते. हाच दाब पाण्याला पाइपातून वर ढकलतो.

किती वर? याचे उत्तर मुख्यत: इम्पेलरच्या कडेच्या वेगात आहे. १६० मिलिमीटर व्यासाचा इम्पेलर मिनिटाला २८८० फेरे घेत असेल तर त्याची कड सेकंदाला सुमारे २४ मीटर, म्हणजे ताशी ८७ किलोमीटर वेगाने पळते. अशा एका इम्पेलरने व्हॉल्व्ह बंद असताना पाण्याला साधारण तीस ते पस्तीस मीटर उंचीइतका दाब मिळतो. उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्यास दहा टक्क्यांनी वाढवला तर उंची एकवीस टक्क्यांनी वाढते. एच.पी.चा आकडा या हिशेबात अजून आलेलाच नाही हे वाचकाने ध्यानात घ्यावे. साडेसातच्या मोटारीला लहान व्यासाचा रुंद इम्पेलर लावला तर पाणी भरपूर येईल, पण टेकडीवरच्या शेततळ्यापर्यंत चढणार नाही. तीनच्या मोटारीला मोठा आणि अरुंद लावला तर बारीक धार का होईना, ती वर पोचेल.

व्यासानंतर पात्याचा बाक. या बाबतीत माणसाच्या सहज अंदाजाची फसगत होते. पाते सरळ असावे, किंवा फिरण्याच्या दिशेने पुढे वाकलेले असावे, म्हणजे पाणी जोरात फेकले जाईल असे कोणालाही वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ पंपांची पाती सरळच असत. १८५१ साली लंडनच्या भव्य औद्योगिक प्रदर्शनात जॉन ॲपोल्ड या इंग्रज संशोधकाने मागे वाकलेल्या पात्यांचा पंप मांडला. त्याच्या चाचण्यांत केंद्रातून थेट बाहेर जाणाऱ्या सरळ पात्यांच्या इम्पेलरची कार्यक्षमता २४ टक्के निघाली, सरळच पण तिरप्या बसवलेल्या पात्यांची ४३ टक्के, आणि वक्र पात्यांची ६८ टक्के. वापरलेल्या ताकदीपैकी पाण्याच्या पदरात पडणारा वाटा केवळ पात्याचा आकार बदलल्याने जवळजवळ तिपटीने वाढला. यंत्रविद्येच्या इतिहासात इतक्या साध्या बदलाने इतका मोठा फायदा झाल्याची उदाहरणे फार नसतील.

कारण असे. सरळ पाते पाण्याला जी शक्ती देते तिचा मोठा भाग वेगाच्या रूपात असतो. हा वेग केसिंगमध्ये दाबात बदलावा लागतो, आणि वेगवान पाण्याला आवरताना भोवरे उठतात, घर्षण होते, शक्ती उष्णतेत जाते. मागे वाकलेले पाते पाण्याला तुलनेने सावकाश सोडते. दाबाचा बराच हिस्सा इम्पेलरच्या आतच तयार झालेला असतो, त्यामुळे केसिंगला कमी काम उरते. आज बहुतेक पंपांत पात्याचा बाहेरचा कोन वीस ते तीस अंशांच्या आसपास ठेवतात. पात्यांच्या संख्येचेही असेच तारतम्य आहे. फार कमी असली तर दोन पात्यांमधले पाणी पुरते फिरत नाही, मागे घसरते. फार जास्त असली तर घर्षण वाढते आणि डोळ्यापाशी वाट अडते.

रुंदी आणि व्यास यांचे एकमेकांशी असलेले नाते मला या विषयातले सर्वांत मोलाचे ज्ञान वाटते. म्हणून इथे एक हिशेब मांडतो. सेकंदाला पाच लिटर पाणी ४५ मीटर चढवायचे आहे. निव्वळ पाण्याला लागणारी ताकद तीन एच.पी. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के असेल तर दांड्यावर पाच एच.पी. लागतील, ४० टक्के असेल तर साडेसात. म्हणजे पाच आणि साडेसात यांतला फरक पाण्याच्या गरजेचा असेलच असे नाही, तो वाईट इम्पेलरचाही असू शकतो, आणि त्याचे बिल दर महिन्याला कोणीतरी भरत असते, कधी शेतकरी, कधी सरकार. आता हे ४५ मीटरचे काम एकाच इम्पेलरकडून करून घ्यायचे तर तो व्यासाने मोठा आणि रुंदीने अगदी अरुंद करावा लागतो. चकतीच्या दोन्ही बाजूंना पाण्याशी होणारे घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. व्यास दुप्पट केला तर ते बत्तीस पट होते. शिवाय अरुंद वाटेत पाण्याला कडेच्या खरखरीचा त्रास अधिक. अभियंते यासाठी विशिष्ट वेग नावाचा आकडा काढतात, त्यात फेरे, पाणी आणि उंची या तिन्हींचा मेळ असतो. आपल्या उदाहरणात तो १२च्या आत येतो, आणि इतक्या कमी आकड्याला चांगली कार्यक्षमता मिळवणे अवघड असते. तेच काम तीन इम्पेलरांत वाटून दिले, प्रत्येकाला १५ मीटर, तर आकडा २७च्या जवळ जातो आणि प्रत्येक इम्पेलर आपल्या अंगभर काम करू लागतो. बोअरच्या पाणबुडी पंपात एकावर एक रचलेल्या स्टेज असतात त्या जागेच्या अडचणीमुळे हे खरेच, सहा इंची बोअरमध्ये उतरणारा इम्पेलर एकट्याने जेमतेम दहा-बारा मीटर चढवतो. पण त्या रचनेत हाही शहाणपणा आहे. 'किती स्टेजचा?' असे विचारणारा शेतकरी 'किती एच.पी.चा?' विचारणाऱ्यापेक्षा योग्य प्रश्नाच्या जास्त जवळ असतो.

इम्पेलर कशाचा बनवतात याविषयी इथे फार लिहीत नाही. बिडाचा इम्पेलर स्वस्त आणि गंजणारा, ब्राँझचा टिकाऊ, प्लास्टिकचा गुळगुळीत पण वाळूपुढे हतबल. सविस्तर माहिती पाचव्या प्रकरणात आहे.

त्यापेक्षा गावोगाव सतावणारा प्रश्न मोटार जळण्याचा आहे, आणि त्यात इम्पेलरचा भाग किती हे फार थोड्यांना ठाऊक असते. उन्हाळ्यात पाणी खोल गेले म्हणून शेतकरी जास्त उंचीचा पंप आणतो. पावसाळा संपतो, विहीर भरते, पाणी पंपापासून हाताच्या अंतरावर येते. आता चढण कमी झाली, मोटारीला आराम मिळेल असे वाटते. घडते उलट. समोरचा विरोध कमी झाला की सेंट्रिफ्युगल पंप जास्त पाणी ओढू लागतो, आणि विहिरीवर नेहमी दिसणाऱ्या प्रकारच्या इम्पेलरला जास्त पाण्यासाठी जास्त ताकद लागते. मोटार आपल्या मर्यादेपलीकडे प्रवाह घेते, गुंडाळी तापते आणि ऐन रब्बीच्या पेरणीत रिवायंडिंगच्या दुकानात मोटारींची रांग लागते. दोष विजेला दिला जातो. कमी दाबाची वीज हे खरे दुखणे आहेच, पण प्रत्येक जळालेल्या मोटारीचे ते कारण नव्हे. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा दाबून ठेवला तरी पुष्कळ मोटारी वाचतात. अधिक चांगला उपाय म्हणजे पात्यांचा बाक मागे जास्त असलेला इम्पेलर. त्याची ताकदीची रेषा एका टप्प्यानंतर सपाट होते, पाणी वाढले तरी बोजा वाढत नाही. खरेदीच्या वेळी पंपाचा आलेख मागून ही रेषा पाहता येते. भारतीय मानकांनुसार बनलेल्या पंपाबरोबर कारखान्याने उंची, पाणी आणि ताकद यांची माहिती दिलेली असते. ती मागण्यात संकोच कसला?

मोठ्या पंपाचा हव्यास आपल्या खडकाळ विहिरींना दुसऱ्या तऱ्हेनेही महागात पडतो. विहिरीचा पाझर सेकंदाला दीड लिटर आणि पंप सात लिटर ओढणारा, मग अर्ध्या तासात विहीर बसते. पंप हवा घेतो, कोरडा फिरतो, सील जाते. त्यातच पाइप जुना, दोन इंची. पाइपातले घर्षण प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दुप्पट पाणी ढकलायला घर्षणापुरती चौपट उंची खर्च होते. पंपाने कुठल्या बिंदूवर चालायचे हे पंप एकटा ठरवत नाही. विहीर, पाइप आणि शेताची चढण मिळून ठरवतात, आणि इम्पेलर त्या बिंदूसाठी निवडलेला नसेल तर उत्तम कारखान्याचा पंपही वाईट चालतो.

चालणे बिघडण्याचे आणखी एक कारण सांगायलाच हवे, कारण ते फुकटात दुरुस्त होते. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, दुरुस्ती झाली की कधी दोन फेज अदलाबदल होऊन जोडल्या जातात. मोटार उलटी फिरते. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी देतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण पात्यांचा बाक आता चुकीच्या दिशेला असतो आणि पाणी व उंची दोन्ही पडतात. 'आज मोटार पाणी कमी फेकते' अशी तक्रार डीपीच्या कामानंतर लगेच सुरू झाली असेल, तर पंप उघडण्याआधी दांड्याची दिशा पाहावी. पाणबुडीची दिशा दिसत नाही. तिच्या दोन वायरी बदलून पाणी वाढते का ते पाहावे.

सौर पंपांनी या विषयाला नवी निकड आणली आहे. २०२४ पासून राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना सुरू आहे आणि पठारावर जागोजागी पॅनल दिसू लागले आहेत. विजेवरचा पंप ठरल्या वेगाने फिरतो. सौर पंपाचा वेग उन्हाबरोबर चढतो-उतरतो, आणि इम्पेलरचा वर्गाचा नियम इथे उघडा पडतो. समजा पाणी ६० मीटर चढवायचे आहे आणि पंप पूर्ण वेगाने, व्हॉल्व्ह बंद असताना, ८० मीटर दाब देतो. तर वेग ८७ टक्क्यांपर्यंत जाईतो पाण्याचा थेंबही वर येणार नाही. सकाळची कोवळी उन्हे, दुपारनंतरचे ढग, सगळे वाया. त्याच ताकदीच्या मोटारीवर अरुंद इम्पेलरच्या जास्त स्टेज रचून हा दाब ११० मीटर केला तर ७४ टक्के वेगावरच पाणी सुरू होते. भर दुपारी धार थोडी बारीक असेल, पण पाणी सकाळी लवकर सुरू होईल आणि संध्याकाळी उशिरापर्यंत राहील. संथ पाझराच्या विहिरीला आणि ठिबकवरच्या अद्रकाला हीच चाल मानवते. ही निवड योजनेच्या अर्जावर विचारली जात नाही. विचारली जायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

लेथवर इम्पेलर उतरवून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि ती वाईट नाही. गरजेपेक्षा जास्त उंचीचा पंप पदरी पडला तर व्यास थोडा कमी करणे हे व्हॉल्व्ह दाबून वीज जाळण्यापेक्षा कितीतरी बरे. दहा टक्के व्यास उतरवला की उंची सुमारे ८१ टक्क्यांवर येते आणि ताकद त्याहूनही खाली. मात्र पंधरा-वीस टक्क्यांपलीकडे जाऊ नये. पाती आखूड होऊन एकमेकांवर पुरेशी येत नाहीत, कड आणि केसिंग यांतले अंतर वाढते आणि कार्यक्षमता ढासळते. उतरवलेला इम्पेलर पुन्हा तोलून घेण्याचा आळसही करू नये.

झिजेचेही तसेच. इम्पेलरच्या डोळ्याभोवतीच्या कड्याची फट वाळूने वाढली की फेकलेले पाणी आतल्या आत फिरून पुन्हा डोळ्यात येते. मोटार तितकीच वीज खाते, धार रोडावते, आणि हे इतके हळूहळू होते की दोन वर्षांत कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या पाण्यातले क्षार पात्यांवर थर धरतात तेही असेच नकळत. ठिबकच्या नळ्यांत आम्ल सोडणारा शेतकरी इम्पेलर खोलून पाहत नाही, आणि तो थर तिथेही असतो.

पुस्तकातले तक्ते वापरण्याविषयी एक सूचना. विहिरीच्या कपारीवर बसवलेला पंप पाणी ओढतो ते हवेच्या दाबाच्या जोरावर. समुद्रकाठी हा दाब पाण्याच्या १०.३ मीटर उंचीइतका असतो, खुलताबादेत सुमारे ९.३, म्हैसमाळला ९.१. यातून कोमट पाण्याच्या वाफेचे अर्धा मीटरभर, पाइप आणि फुटव्हॉल्व्हच्या घर्षणाचा मीटरभर आणि इम्पेलरच्या डोळ्याला स्वत:साठी लागणारे तीनेक मीटर वजा केले की हातात पाच मीटरही उरत नाहीत. त्यापेक्षा खोलवरून ओढायला लावले तर डोळ्यापाशी पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुटतात, पंपात खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो आणि काही महिन्यांत पात्यांच्या मुळाशी चाळणी होते. डोळा रुंद असलेला इम्पेलर ही मर्यादा थोडी सैल करतो, नाहीशी करत नाही. सक्शनचे सर्व तक्ते मी खुलताबादची उंची धरून केले आहेत. पैठणकडे, जायकवाडीच्या पातळीला, ते वापरताना जवळजवळ अर्धा मीटर अधिक धरायला हरकत नाही. म्हैसमाळच्या माथ्यावर वापरताना पाव मीटर कमी धरावा.